नकारानंतरचें पत्र

अंधेरीच्या सीप्झमध्यें १९७३ पासून कारखाने व कचेऱ्या उभ्या राहिल्या. तेथें मुलाखत देऊन बोरिवलीस वा घाटकोपरास परतणारा उमेदवार उपनगरांतील घरोघरीं आढळतो. नकार आला, किंवा कांहींच आलें नाहीं, म्हणजे घरांत ‘वशिला नव्हता’ असें म्हणून विषय मिटतो. खरें कारण अज्ञात राहतें, आणि असलेली उणीव पुढल्या मुलाखतीसही बरोबर जाते.

सरकारी नोकरीपुरता माहितीचा अधिकार कायदा, २००५ हाताशीं आहे : शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उमेदवारास स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहतां यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला. मुलाखत घेणाऱ्यांचीं नांवें मात्र उघड करण्याचें कारण नाहीं, असें २०१२ सालीं ठरलें. आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेपुरती ही वाट २०१८ सालीं बरीच अरुंद झाली.

खासगी मालकावर असें बंधन नाहीं. तेथें सौजन्यानेंच काम होतें. नकारानंतर दोन-तीन दिवसांनीं चार ओळींचें पत्र धाडावें. प्रथम आभार, मग ‘मला कां घेतलें नाहीं?’ असें न विचारतां ‘पुढील मुलाखतीपूर्वी मीं कोणती एक गोष्ट सुधारावी?’ असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें अधिकाऱ्यास आपल्या निर्णयाचें समर्थन करणें भाग पडतें, म्हणून तो गप्प बसतो (कोर्टकचेरीची धास्तीही असतेच). दुसऱ्यानें तो सल्लागार होतो. निवड कोणाची झाली हें विचारूं नये. वडिलांनीं फोन करणें तर मुळींच नको. उत्तर कटु असलें तरी वाद घालूं नये. आठवड्यांत तें न आल्यास एकदांच स्मरण द्यावें, आणि दुसऱ्या अर्जास लागावें.