शून्य अपघात, पण किती उड्डाणांत?

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग 787 उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत कोसळलं. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर, ज्यांची मुलं-माणसं परदेशी आहेत अशा घरांत एकच विषय होता: तिकीट कोणत्या कंपनीचं काढायचं आणि कोणतं विमान टाळायचं? काळजीपोटी आलेला हा प्रश्न रास्तच आहे. पण उत्तर शोधताना बहुतेक जण ‘आजवर एकही अपघात नाही’ या वाक्यापाशी निर्धास्त होतात, आणि तिथेच फसगत होते.

कॉनकॉर्डचं उदाहरण घ्या. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं हे प्रवासी विमान जानेवारी 1976 मध्ये सेवेत आलं. पुढची 24 वर्षं त्यात एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही. 25 जुलै 2000 रोजी पॅरिसच्या धावपट्टीवर धातूची एक पट्टी पडली होती. काही मिनिटं आधी उडालेल्या दुसऱ्याच विमानातून ती गळून पडलेली. भरधाव कॉनकॉर्डचं चाक तिच्यावरून गेलं आणि टायर फुटला. त्याचा साडेचार किलोंचा तुकडा पंखाखाली आदळला, इंधनाची टाकी फुटली आणि आगीने विमानाला घेरलं. विमानातले 109 आणि जमिनीवरचे चार जण गेले. सर्वांत सुरक्षित म्हणून मिरवलेलं हे विमान त्या दुपारी प्राणघातक अपघातांच्या दरात सर्वांत वाईट विमानांमध्ये जाऊन बसलं.

विमान तर आदल्या दिवशी होतं तेच होतं. मग एका अपघाताने चित्र इतकं कसं पालटलं? कारण कॉनकॉर्ड चालवणाऱ्या कंपन्या दोनच, विमानं जेमतेम डझनभर, आणि चोवीस वर्षांतली एकूण उड्डाणं नव्वद हजारांच्या आसपास.

संख्याशास्त्रात ‘तीनचा नियम’ नावाचा एक सोपा हिशेब आहे. एखादी घटना अमुक इतक्या वेळांत एकदाही घडली नसेल, तर तीनला त्या संख्येने भागायचं. खरा धोका त्याहून जास्त नसावा, एवढं आपण 95 टक्के खात्रीने म्हणू शकतो. कॉनकॉर्डसाठी हे उत्तर येतं तीस हजार उड्डाणांत एक. म्हणजे चोवीस वर्षांचं शून्य फक्त इतकंच सांगत होतं की धोका याहून मोठा नसावा. आणि तीस हजारांत एक हा धोका आजच्या विमानांच्या मानाने भयंकर आहे. नव्या फलंदाजाने पहिल्या दोन डावांत नाबाद राहावं आणि आपण त्याची सरासरी काढायला बसावं, तसंच हे.

आता बोइंग 787 कडे पाहा. 2011 पासून सेवेत असलेल्या या विमानाला अहमदाबादपर्यंत एकही प्राणघातक अपघात नव्हता. शून्य तेच, पण त्यामागे सुमारे पन्नास लाख उड्डाणं होती. अहमदाबादचा अपघात धरूनही हिशेब पन्नास लाखांत एक असा होतो. ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे या आकड्याला काही अर्थ नाही, हे मला कळतं. पण पुढचं तिकीट काढणाऱ्याने तो माहीत करून घ्यायला हवा.

कंपन्यांची तुलना याहून अवघड. ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या नोंदीत 2023 साली एकच प्राणघातक अपघात होता, नेपाळमधल्या पोखऱ्याचा. 2024 मध्ये चार कोटींहून अधिक उड्डाणांत असे सात अपघात झाले. वर्षभरात उडणं सातपट धोकादायक झालं असं कुणी जाणकार म्हणणार नाही. दुर्मीळ घटनांचे आकडे असेच वरखाली होतात. साऱ्या जगाच्या बेरजेची ही गत, तर एकेका कंपनीच्या वाट्याला आलेल्या एक-दोन आकड्यांवरून क्रमवारी कशी लावणार? अमेरिकी संख्याविश्लेषक नेट सिल्व्हर यांनी 2014 मध्ये 56 कंपन्यांची 1985 ते 1999 आणि 2000 ते 2014 अशा दोन काळांत तुलना केली. पहिल्या काळातल्या मृत्यूंवरून दुसऱ्या काळाचा अंदाज जवळपास बांधताच येत नव्हता. लहानमोठ्या घटनांची संख्या मात्र बऱ्यापैकी टिकून राहिली होती.

खरी माहिती असते ती या लहान घटनांत. कॉनकॉर्डचे टायर आधीही अनेकदा फुटले होते. 1979 मध्ये वॉशिंग्टनला तर टायरच्या तुकड्यांनी इंधनाच्या टाक्यांना भोकं पाडली होती. पॅरिसचा इशारा एकवीस वर्षं आधी मिळालेला होता.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट 1974 ची. 1 डिसेंबरला वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे येणारं टीडब्ल्यूए कंपनीचं विमान गैरसमजातून वेळेआधी खाली आलं, डोंगरावर आदळलं आणि 92 जण गेले. सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचं विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोहोचलंच नाही. यातूनच 1976 मध्ये अमेरिकेत ‘नासा’कडे अशा घटना गुप्तपणे कळवण्याची सोय झाली. कळवणाऱ्याचं नाव उघड होत नाही आणि धडा सगळ्यांना मिळतो. म्हणूनच जिच्याकडून जास्त घटना कळवल्या जातात ती कंपनी वाईटच असेल असं नाही. उलट, जिच्याकडून काहीच कळवलं जात नाही तिची मला जास्त धास्ती वाटते.

देशाची देखरेख यंत्रणाही पाहायला हवी. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेने भारताचा विमान सुरक्षेचा दर्जा खाली आणला, तेव्हा आपल्याकडे निरीक्षकच पुरेसे नव्हते. उणिवा दूर केल्यावर एप्रिल 2015 मध्ये दर्जा परत मिळाला. कंपन्यांच्या कोणत्याही क्रमवारीपेक्षा ही बातमी प्रवाशाच्या जास्त कामाची होती.

एकूण धोका किती? एमआयटीचे अर्नॉल्ड बार्नेट यांच्या हिशेबाने 1968 ते 1977 या काळात जगभरात विमानात चढणाऱ्या दर साडेतीन लाखांत एकाचा जीव जाई. 2018 ते 2022 मध्ये हे प्रमाण एक कोटी 37 लाखांत एकावर आलं. आणि आपल्या रस्त्यांवर एकट्या 2022 मध्ये 1,68,491 माणसं मेली, म्हणजे दिवसाला साडेचारशेहून जास्त. विमानतळाकडे जाताना टॅक्सीच्या मागच्या सीटवरही पट्टा लावा.

आणि उड्डाणानंतर बिघाडाची शंका येऊन वैमानिकाने विमान मुंबईला परत आणलं, तर दारात उभ्या कर्मचाऱ्यांशी भांडू नका. वैमानिकाने आपलं काम चोख केलेलं असतं. त्याला त्याबद्दल जाब विचारला जाणार नाही, एवढी मागणी मात्र आपण प्रवाशांनी कंपन्यांकडे आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे जरूर लावून धरावी.