गोचिडांचा मोसम आणि गोळीचा महिना

परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाला २०२६ साली एकशेचाळीस वर्षे पूर्ण होत असली, तरी पाळीव कुत्र्यांच्या परजीवीप्रतिबंधाचा मागोवा घेताना त्यांतील पहिली शंभर वर्षे भराभर उलटावी लागतात. कारण त्या काळात पशुवैद्यकाचे लक्ष मुख्यतः घोडे, बैल आणि दुभत्या जनावरांकडे होते, आणि घरच्या कुत्र्याच्या वाट्याला रॉकेलचा बोळा, करंजाचे तेल किंवा गॅमेक्सिनची भुकटी एवढेच येत असे. ही भुकटी म्हणजे बीएचसी हे क्लोरीनयुक्त कीटकनाशक. भारतात १९९७ साली त्यावर बंदी आली आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

रेंगाळावे असे दशक १९९० चे. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड ही कीटक नसून कोळ्याच्या वर्गातील आहे. अळी, अर्भक आणि प्रौढ या प्रत्येक अवस्थेत ती एकदा रक्त पिऊन खाली उतरते, कात टाकायला किंवा अंडी घालायला भिंतीच्या भेगेत शिरते, आणि एक मादी काही हजार अंडी घालते. त्यामुळे उपद्रव कुत्र्यापेक्षा घरात अधिक असतो, हे त्या दशकातील जुन्या पद्धतीच्या पशुवैद्याला पाठ होते. अमिट्राझ हे गोचीडनाशक पाण्यात मोजून मिसळायचे, कुत्र्याला त्याने भिजवून अंग न पुसता वाळू द्यायचे, त्याच दिवशी चौकटी, पडद्यांचे काठ आणि पलंगाखालची फट तपासायची, आणि ताप आल्यास कानाच्या टोकातील रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून, तांबड्या पेशींत बॅबेसिया हा एकपेशीय परजीवी शोधायचा, असा तो क्रम होता. तो कंटाळवाणा, वासाचा आणि मांजरांना धोकादायक होता. परंतु त्यात जनावराच्या पोटाखाली, बोटांच्या मध्ये आणि कानात हात जात असे.

त्याच दशकाचा एक हिशेब मात्र चुकता करायला हवा. आयव्हरमेक्टिन हे जपानमधील मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले औषध उत्तम होते, आणि त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, हेही न्याय्यच. पण गुरांसाठीच्या इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम औषध असते, आणि दहा किलोच्या कुत्र्याला खरजेसाठी दर किलोला दोनशे मायक्रोग्रॅम द्यायचे म्हटले तरी ०.२ मिलिलिटर पुरते, हे गणित न करता सुई टोचणाऱ्यांची तेव्हा उणीव नव्हती. कॉलीसारख्या जातींत औषधाला मेंदूबाहेर ठेवणारे प्रथिन सदोष असते, याचा आनुवंशिक उलगडा तर २००१ मध्ये झाला.

त्यानंतर मानेवर टाकायचे थेंब रुळले, आणि २०१४ च्या सुमारास आयसोक्झाझोलिन गटातील चघळायच्या गोळ्या जगाच्या बाजारात आल्या. गोळी परिणामकारक आहे, हे नाकारणे अडाणीपणाचे ठरेल; तिच्यामुळे काही जनावरांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला, तोही तिला टाकाऊ ठरवत नाही. खटकते ते वेगळेच. गोचीड चावल्यावरच तिच्या शरीरात औषध जाते, तर एर्लिकिया हा तापाचा जिवाणू चावल्यापासून काही तासांतच कुत्र्यात उतरू शकतो, हे ग्राहकाला क्वचितच सांगितले जाते. शिवाय गोळी दिली की तपासणी झाली, असे आता मालकासह दवाखानाही मानू लागला आहे. सूक्ष्मदर्शकाची जागा अनेक ठिकाणी प्रतिपिंडांच्या पट्टीने घेतली. जुना संसर्ग आणि चालू आजार यांतला फरक त्या पट्टीला एकटीने सांगता येत नाही, तरीही तिच्या रेघेवर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा चार आठवड्यांचा कोर्स सुरू होतो, आणि बॅबेसिया गिब्सोनी असेल, तर त्याला ते औषध पुरेसे नसल्याने ताप उलटतो. मुंबईच्या दमट, उबदार घरांत गोचिडीला ऋतूची फारशी गरज नाही, म्हणून वर्षभर गोळी द्यावी, हा सल्ला शास्त्राला धरून आहे. मात्र तो ज्या फाटकातून आत जातो त्याच्याबाहेर बसलेल्या चार-पाच भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला महिन्याची एकही गोळी येत नाही, आणि भिंतीच्या भेगा पाहायला आता कोणी वाकत नाही.