मोगलीची वैनगंगा

उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरचा भाचा आला की आमच्या घरी मतांचा पाऊस सुरू होतो. वय सतरा, हातात सदैव मोबाईल आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला दहापैकी गुण देण्याची हौस. माझ्या भरल्या वांग्यांना आठ, काकांच्या जुन्या स्कूटरला दोन. यंदा त्याने जाहीर केलेला निकाल असा : व्हिडिओ गेम नऊ, कार्टूनचे सिनेमे सात, पुस्तकं चार. "चार पण तुझ्याकडे पाहून देतोय हं, मावशी," हेही वर ऐकवलं.

कारण विचारलं तर म्हणाला, "पुस्तकात मी नुसता पाहत बसतो. सिनेमातही तेच, पण तो निदान दीड तासात संपतो. गेममध्ये मी स्वतः असतो. चुकलो तर मरतो, की पुन्हा सुरू!"

बोलणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. मैत्रिणींनो, आपण मुलांना दिवसातून वीसदा "ठेव तो मोबाईल" म्हणतो, पण त्यात काय खेळतोस आणि त्यात तुला काय आवडतं, हे सहसा विचारत नाही. मी विचारलं, आणि गाडी 'जंगल बुक'वर येऊन थांबली. कारण ही एकच गोष्ट त्याने तिन्ही रूपांत चाखली होती. त्यावर निघालेला १९९४ चा जुना गेम तो कॉम्प्युटरवर गंमत म्हणून खेळला होता. त्यात म्हणे मोगली वेलींवर लोंबकळतो, रत्नं गोळा करतो आणि समोर येईल त्याला केळी फेकून मारतो. डिस्नेचा १९६७ चा कार्टून सिनेमा त्याने पाहिला होता. पुस्तक मात्र वीस पानांवर सोडलं होतं.

"त्यातली नदी कोणती, आठवते?" मी विचारलं. त्याला आठवेना. म्हटलं, अरे, परवा गडचिरोलीला जाताना व्याहाडच्या पुढे ज्या पुलावरून आपली बस गेली, तीच ती. वैनगंगा!

पोरगं चाटच पडलं. खरं सांगायचं तर आपल्यापैकीही कित्येकींना हे माहीत नसतं. रुडयार्ड किपलिंगचं 'द जंगल बुक' १८९४ साली आलं. दुसरा भाग पुढच्याच वर्षी. किपलिंग जन्मला मुंबईत, पण हे पुस्तक त्याने लिहिलं अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बर्फात बसून. गोष्ट घडते ती मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगरात, आणि शेरखान राहतो वैनगंगेच्या काठी. ही वैनगंगा सिवनी जिल्ह्यातच उगम पावते, बालाघाट, भंडारा करत आपल्याकडे येते, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधून वाहते, मार्कंड्याच्या देवळापाशी वळण घेते आणि चपराळ्याजवळ वर्धेला भेटून प्राणहिता होते. म्हणजे मोगली ज्या पाण्यात पोहला, तेच पाणी खाली आपल्या धानाच्या बांध्यांना मिळतं.

आम्ही शाळेत असताना, १९९३ मध्ये, दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागायची. कार्टून मूळचं जपानी, आवाज हिंदी, आणि शेरखानला आवाज होता आपल्या नाना पाटेकरांचा. गल्लीत ज्याच्याकडे टीव्ही त्याच्याकडे सगळी पोरं. गंमत अशी, की आम्हा चंद्रपूरच्या पोरांनाही तेव्हा ते जंगल कुठलं तरी लांबचं वाटायचं, आफ्रिकेतलं वगैरे. आमच्या जंगलातला वाघ वेगळा आणि टीव्हीतला वेगळा!

भाच्याला मी पुस्तकातला फरक सांगितला. सिनेमातला अजगर 'का' हा कपटी आहे, डोळे फिरवून भूल पाडतो. पुस्तकातला का म्हातारा आणि शहाणा, मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवणारा. माकडांचा तो गाणारा राजा तर पुस्तकात नाहीच. आणि शेरखानचा शेवट? सिनेमात त्याच्या शेपटीला जळती फांदी बांधली की तो पळून जातो. पुस्तकात मोगली गुराखी होतो, म्हशींचा कळप दोन भागांत करून नाल्याच्या दोन्ही तोंडांनी आत घालतो आणि वाघ खुरांखाली तुडवला जातो. "हे गेममध्ये हवं होतं!" भाचा म्हणाला. पुस्तकाचे गुण चारचे साडेपाच झाले.

पण मला हा लेख लिहावासा वाटला तो त्याच्यामुळे नव्हे. सिंदेवाहीकडच्या एका गावात आम्ही काही बायका महिन्यातून दोन रविवार पुस्तकांची पेटी घेऊन जातो. त्या रविवारी भाचाही सोबत आला, लॅपटॉप घेऊन. समाजमंदिराच्या ओट्यावर त्याने मुलांना गेम दाखवला, सिनेमाचा तुकडा दाखवला, मग मी म्हशींचा प्रसंग वाचून दाखवला. मुलगे लॅपटॉपला चिकटले. मुली मागे. त्यात आठवीतली एक मुलगी होती, तिची आई दर उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जाते.

भाच्याने तिलाही विचारलं, "तुला काय आवडलं?" ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हशीचं खरं हाय. आमच्याकडं गुरं चारणारे म्हशी पुढं ठेवतात. म्हशी असल्या की वाघ जवळ येत नाही." आणि सिनेमा? "थो वाघ बोलतो लय. आमचा वाघ बोलत नाही. दिसतही नाही. दिसला तवा झालं." तिला शेरखानचा सूडही पटला नाही. वाघ कोणावर डूख धरून येत नाही, म्हणाली. आई सांगते, पानं तोडायला वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं. म्हणून मधून मधून उभं राहायचं, बोलत राहायचं, एकटं जायचं नाही.

भाचा ऐकत राहिला. त्याच्या गेममध्ये मेल्यावर पुन्हा सुरू करता येतं, हे त्याने तिला समजावून सांगायला घेतलं आणि मध्येच थांबला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तेंदूचा हंगाम एप्रिल-मेचा, महिनाही धड चालत नाही. पहाटे अंधारात निघायचं, पानं तोडून आणायची, दुपारी घरी बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. शाळेच्या वह्या, खरिपाचं बियाणं, दुकानाची उधारी, सगळं ह्या थोड्या दिवसांवर. २०२५ च्या मे महिन्यात ह्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आले, आणि त्याच पेपरात ताडोब्याच्या सफारीच्या जाहिरातीही असतात. मी वाघाच्या विरोधात नाही हं. पण वाघावर बोलणाऱ्यांत त्या मुलीची आई कधी दिसत नाही, एवढं खटकतं.

आणि मोबाईलचं म्हणाल, तर त्या गावात मोबाईल घरटी एक, आणि तो भावाच्या हातात. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सरकारने पब्जी बंद केला तेव्हा मुलगे रडकुंडीला आले होते म्हणे, पुढच्या वर्षी तो भारतीय नाव घेऊन परत आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, ते फार बरं झालं. शेजारपाजारच्या दोन घरांत त्यापायी काय झालं ते मी पाहिलं आहे. पण ह्या सगळ्या चर्चेत मुली कुठे? त्यांना ना खेळायला मिळतं, ना कोणी मत विचारतं.

म्हणून भाच्याने दाखवलेला दुसरा गेम मला महत्त्वाचा वाटला. 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आलेला. राजी ही डोंबारणीसारखी कसरती करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. चित्रं जुन्या पहाडी शैलीतली, डोळ्यांत भरतात. मुलांनी विचारलं किती राक्षस मारते. आपल्या आठवीतलीने विचारलं, "तिले घरून जाऊ देलं?"

उत्तर कोणालाच सुचलं नाही.

पुढच्या खेपेला मी मोगलीची दुसऱ्या भागातली गोष्ट सांगितली, रानकुत्र्यांची. आमच्या पेटीतल्या संक्षिप्त मराठी पुस्तकात ती नव्हती, म्हणून इंग्रजी पुस्तकावरून. दक्षिणेकडून रानकुत्र्यांची मोठी टोळी येते, लांडग्यांचा निभाव लागणार नाही. मोगली त्यांना चिडवतो, मागे लावून घेतो, वैनगंगेच्या कड्यापर्यंत पळवत नेतो. कड्याच्या कपारींत मधमाश्यांची पोळी. दगड लाथाडत तो वरून नदीत उडी घेतो, माश्या उठतात आणि मागून येणाऱ्या कुत्र्यांवर तुटून पडतात. खाली पाण्यात का त्याला झेलायला थांबलेला असतो.

गोष्ट संपेपर्यंत ओट्यावर मुलांच्या आयाही येऊन बसल्या होत्या, कोणी निवडायला सूप घेऊन. "आग्या मोहोळ असन," एक आजी म्हणाली. मग वाद सुरू झाला. लसणीचा पाला अंगाला चोळून मोगली माश्यांतून सुटतो हे खरं की खोटं, पाण्यात बुडून राहिलं तरी माश्या वर घिरट्या घालत थांबतात की नाही, रानकुत्री पाण्याला भितात का. आठवीतलीची आई मोहफुलं वेचताना एकदा रानकुत्र्यांच्या टोळीसमोर आली होती. ती उठून उभी राहिली आणि कुत्री कुठून आली, ती स्वतः कुठे थांबली, ते ओट्यावर चालून दाखवू लागली. भाच्याने लॅपटॉप मिटला आणि खाली जमिनीवर सरकून बसला.