उत्तर असणे आणि उत्तर सापडणे

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याचा हंगाम आला म्हणजे एक हिशोब करावा लागतो. कोणत्या बागेचा किती माल कोणत्या बाजारपेठेत धाडावा, म्हणजे भाडे कमीत कमी पडेल? बागा दोन व पेठा दोन असल्या, तर तो पाटीवर होतो. त्या शेकडो असल्या तरी उत्तर असतेच. परंतु ते वेळेत सापडेल काय, हा प्रश्न निराळा.

अशा हिशोबांसाठी अमेरिकेतील जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये एक रीत काढली. संभाव्य उत्तरांची एक बाग कल्पिली, तर ही रीत कुंपणाने कोपऱ्याकोपऱ्यावरून जाते. व्यवहारात ती उत्तम चालते; पण १९७२ मध्ये क्ली व मिंटी यांनी अशी उदाहरणे दाखविली, की त्यांत एकेक अज्ञात राशी वाढताच पावले दुप्पट होतात. १९७९ मध्ये सोव्हिएत गणिती खाचियान यांनी याहून खात्रीची रीत सिद्ध केली. मात्र ती व्यवहारात मंद ठरली. पुढे १९८४ मध्ये, ग्वाल्हेरास जन्मलेले नरेंद्र करमरकर यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना बागेच्या आतून जाणारी वाट दाखविली. ती सिद्धतेस उतरली आणि कामासही आली.

सर्वच प्रश्नांना अशी वाट असेल काय? समजा, घरून निघून २० गावांना एकेकदा जाऊन परतावयाचे आहे. सर्वांत कमी अंतराचा क्रम कोणता? एकेक क्रम तपासू लागल्यास, सेकंदास एक कोटी या वेगानेही साडेसात हजारांहून अधिक वर्षे लागतील. चतुर रीतींनी हे काम लवकर होते. पण गावे कितीही असोत, झटपट अचूक उत्तर देईलच अशी रीत कोणास सापडलेली नाही. ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही. उलट, कोणी ३०० मैलांत बसणारा क्रम आणून दिला, तर तो पडताळण्यास केवळ बेरीज पुरते. पडताळणे सोपे असेल तेथे शोधणेही सोपे असते काय, या कोड्यास २००० साली दहा लक्ष डॉलरचे पारितोषिक लागले. ते कोडे आजही उभे आहे.

क्वांटम संगणक हे सर्व सोडवील, असे पुष्कळांस वाटते. मोठ्या संख्येचे अवयव असे यंत्र फार लवकर पाडील, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखविले. परंतु ते सर्व उत्तरे एकदम वाचून दाखवीत नाही. मोजणीत एकच उत्तर हाती येते. म्हणून चुकीची उत्तरे परस्परांस खोडतील, अशी योजना आधी करावी लागते. गावांच्या प्रश्नासाठी तशी योजना ज्ञात नाही.

मनुष्यास काय कळू शकते, असे तत्त्वज्ञ विचारीत आले आहेत. त्यात आता ‘किती वेळात’ हेही विचारावे लागते. आपण मुलांस एखादी गोष्ट अशक्य म्हणून सांगण्यापूर्वी पाहावे, की वाट नसल्याचे सिद्ध झाले आहे, की ती अद्याप कोणास सापडलेली नाही. दुसरे खरे असेल, तर ते काम त्यांच्यासाठी उरले आहे.