गावाकडची बस कुणाच्या पैशावर धावते?

बसवर एक भाग करा, असा निरोप गटांच्या बैठकांतून आमच्याकडे बरेच दिवस येत होता. तक्रारी साधारण एकाच तऱ्हेच्या. सकाळची बस आहे, पण दुपारी परतायला नाही. पोरगी अकरावीला शहरात जाते, संध्याकाळी सातनंतर गाडी नाही, म्हणून तिचं नाव काढायचं घरात चाललंय. भाजीची पाटी घेऊन जायचं तर वडापवाला पाटीचे वेगळे पैसे मागतो. आणि शेवटी प्रश्न एकच: अर्ज देऊन दमलो, तरी बस का मिळत नाही?

आम्हीही आधी असंच समजत होतो, की साहेबांच्या मनात आलं की बस सुरू होते आणि मनातून उतरली की बंद पडते. चार ठिकाणी विचारल्यावर कळलं, की यात मनापेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे. तो हिशेब आपल्याला मांडता आला तर अर्जाची भाषाच बदलते. म्हणून आज पुणे आणि त्याच्या भोवतालच्या गावांचं उदाहरण घेऊन तो उलगडू. मुळशी, मावळ, हवेली, खेड, पुरंदर इकडच्या मैत्रिणींना नावं ओळखीची वाटतील. बाकीच्यांनी आपल्या जवळचं मोठं शहर मनात धरावं.

पुण्याकडे पूर्वी दोन बससेवा होत्या, पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी. २००७ साली दोन्ही एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली. आपण तिला नुसतं पीएमपी म्हणतो. तिच्या मालक या दोन महापालिका. पुण्याचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. वर्षाअखेरीस जी तूट येते तीही दोघी याच हिशेबाने भरून देतात. आता हे साठ आणि चाळीस जरा मिळवून बघा. शंभर झाले! गावांचा वाटा त्यात कुठेच नाही. आणि बस तर गावोगावी जाते. आपल्या दुखण्याचं मूळ इथंच आहे.

तूट येते कशी, ते आधी पाहू. समजायला सोपं जावं म्हणून खर्चाचा आकडा गोल घेतोय, खरा वेगळा असेल. समजा, बस एक किलोमीटर चालवायला १०० रुपये लागतात. त्यात डिझेल, गॅस किंवा वीज आली, ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार आला, टायर, दुरुस्ती, गाडीचा हप्ता आला. आपलं गाव शहरापासून २० किलोमीटरवर आहे. म्हणजे एका बाजूच्या फेरीला २,००० रुपये. तिकिटाचे दर मात्र खरेच सांगतो. पीएमपीने १ जून २०२५ पासून नवे दर लावले, पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, आणि १५ ते २० किलोमीटरला ४० रुपये. सकाळी सातची बस गच्च भरून गेली, शेवटपर्यंत जाणाऱ्या ५० जणी चढल्या, तर २,००० रुपये आले. फेरी सुटली. तीच बस अकराला परत गावाकडे निघाली, त्यात १० जणी. आले ४००. दोन फेऱ्यांचा खर्च ४,०००, जमा २,४००, तूट १,६००. हे एका दिवसातल्या एका जाण्यायेण्याचं झालं.

कुणी म्हणेल, मग अकराची फेरी रद्द करा. कागदावर तसंच होतं! पण ती रद्द केली तर सकाळी गेलेली बाई परत येणार कशानं? ती सकाळीसुद्धा बसने जात नाही, वडाप धरते किंवा नवऱ्याच्या मोटरसायकलच्या मागे बसते. म्हणजे रिकामी फेरी बंद केली की हळूहळू भरलेली फेरीही रिकामी होते. मग तीही बंद. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते, कारण दुपारच्या फेऱ्या बहुतेक बायांच्याच असतात. दवाखाना, रेशन, बँक, बाजार, माहेरचं कुणी आजारी. पुरुष एकदा सकाळी जातो आणि एकदा संध्याकाळी येतो. आपलं जाणं-येणं तसं सरळ नसतं, आणि वेळापत्रक बांधताना बहुतेक कंपनीच्या पाळ्या डोळ्यांपुढे असतात.

आता आणखी एक बाब. रस्त्यावर दिसणाऱ्या सगळ्याच गाड्या पीएमपीच्या स्वतःच्या नसतात. बऱ्याच ठेकेदाराच्या असतात. गाडी त्याची, ड्रायव्हर त्याचा, कंडक्टर पीएमपीचा. तिकिटाचा पैसा पीएमपीकडे जमा होतो आणि ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. ट्रॅक्टर नांगरटीला लावतो तसंच आहे हे. पीक आलं काय, न आलं काय, ट्रॅक्टरवाल्याला तासाचे पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे बस रिकामी धावली तर त्याची झळ ठेकेदाराला नाही, पीएमपीला बसते. या पद्धतीत चांगलं हे, की ड्रायव्हर प्रवासी ओढायला गाड्यांची शर्यत लावत नाही. पण जी फेरी लांबची आणि रिकामी, तिच्यावर पहिली कात्री पडते, हेही खरं.

सरकार गाड्यांना पैसे देत नाही का? देतं, पण बहुतेक वेळा गाडी घ्यायला देतं, चालवायला देत नाही. म्हैस अनुदानावर मिळाली, तरी रोजची पेंड आपल्यालाच घालावी लागते, हे गटातल्या बायांना वेगळं सांगायला नको. याला एक अपवाद आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा ही योजना मंजूर केली. त्यात १०,००० विजेच्या बस आहेत आणि चालवण्यासाठी किलोमीटरमागे मदत आहे, मोठ्या १२ मीटरच्या बसला २४ रुपये. ही योजना मात्र शहरांसाठी आहे. आपण पुन्हा कुंपणाच्या बाहेर.

कुंपण म्हटल्यावर एक गंमत सांगतो. ३० जून २०२१ रोजी २३ गावं पुणे महापालिकेत गेली. वाघोली, सूस, म्हाळुंगे ही त्यातलीच. त्या दिवशी ना रस्ता बदलला, ना बस बदलली, ना बसमधली बाई बदलली. पण आदल्या दिवशी त्या गावची बस ‘हद्दीबाहेरची’ होती आणि दुसऱ्या दिवशी ‘हद्दीतली’ झाली. पलीकडच्या गावाची मात्र हद्दीबाहेरचीच राहिली.

हद्दीबाहेर असलं की काय होतं, ते २०२२ साली दिसलं. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा मोठा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या काळात पीएमपीने लांबच्या गावांकडे गाड्या सोडल्या. लोकांची सोय झाली. संप मिटला, एसटी पुन्हा सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएमपीने ग्रामीण भागातले ४०च्या आसपास मार्ग टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. कारण दोन: मार्ग तोट्यात होते, आणि तिथे एसटी धावते. हिशेबाने बघितलं तर दोन्ही कारणं खोटी नव्हती. पण दर अर्ध्या-पाऊण तासाने येणारी गाडी आणि दिवसातून दोनदा येणारी गाडी एकसारखी नसते.

एसटीचं नाव निघालं म्हणून सांगतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. उरलेला अर्धा पैसा राज्य सरकार एसटीला भरून देतं. पीएमपीला ही सवलत लागू नाही. शहरात महिलांसाठी तेजस्विनी बस आहेत, दर महिन्याच्या ८ तारखेला त्यात तिकीट लागत नाही, पण तेवढंच. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच थांब्यावर, लाल गाडी आली तर अर्धे पैसे आणि पीएमपी आली तर पुरे. म्हणून मागणी करताना कोणती बस मागायची, हेही गटात बोलून ठरवा. रोज जाणाऱ्या मुलींना वेळेवर येणारी पीएमपी आणि तिचा पास परवडेल. आठवड्यातून एकदा बाजाराला जाणारीला एसटी. दोन्ही मागायला हरकत नाही, पण वेळा वेगवेगळ्या मागा. नाहीतर एकमेकींच्या मागेपुढे दोन गाड्या येतात आणि मग तीन तास काही नाही.

आता पैशाकडे परत. गावांच्या तुटीचा वाटा कुणी उचलायचा? इथे पीएमआरडीए येते, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. २०१५ साली ते स्थापन झालं. महापालिकांच्या बाहेरची शेकडो गावं त्याच्या क्षेत्रात आहेत. आपल्या गावात नवी सोसायटी उभी राहते, गोडाऊन होतं, तेव्हा बांधकामाची परवानगी पीएमआरडीए देते आणि विकास शुल्क घेते. आपल्याच जमिनींवरून हा पैसा जमा होतो. तेव्हा गावच्या बसची तूट भरायला पीएमआरडीएने हातभार लावावा, ही मागणी भीक मागणं नव्हे. दोन्ही महापालिकांनी आणि पीएमपीनेही ती केली, आणि पुढे पीएमआरडीएने रक्कम द्यायला सुरुवातही केली. आम्हाला विचाराल तर हे दरवर्षीच्या मिनतवारीवर राहू नये. साठ-चाळीससारखा गावांचाही वाटा कागदावर कायमचा ठरलेला असावा.

नुसता पैसा असूनही काम होत नाही, गाड्याही लागतात. किती लागतात, याचं एक सोपं गणित आहे आणि ते प्रत्येकीला यायला हवं. बसला जाऊन परत यायला लागणारा वेळ घ्या. किती वेळाने बस हवी, त्याने भागा. जाऊन-येऊन दोन तास लागतात, अर्ध्या तासाला बस हवी, तर चार गाड्या. आता वाघोलीत किंवा चाकणच्या चौकात रोज कोंडी होते म्हणून दोन तासांचे अडीच झाले. त्याच अर्ध्या तासाच्या सेवेला पाच गाड्या लागल्या. पाचवी नसेल, तर चार गाड्यांत बस येणार साडेसदतीस मिनिटांनी. गाडी कमी झाली नाही, ड्रायव्हर कमी झाला नाही, तरी आपली बस लांबली.

म्हणून बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या रस्त्याचा, गावच्या बाईशी संबंध आहे. डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला असा प्रयोग झाला. मोटारवाल्यांना तो कधीच फारसा आवडला नाही. नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग अलीकडे काढूनही टाकला. ती बातमी वाचून गावात कुणाला काही वाटलं नसेल. पण नगर रस्त्याने रोज जाणाऱ्या बाईची बस त्या कोंडीतूनच यायची असते.

आता अर्जाचं. ‘आमच्या गावाला बस मिळावी’ एवढ्या एका ओळीचे अर्ज कार्यालयात ढिगाने पडलेले असतात. त्याऐवजी आठ दिवस थांब्यावर बसून मोजा. दोघी-दोघींनी पाळ्या लावा, सकाळी सहा ते रात्री आठ. वहीत वेळ लिहा, किती जणी थांबल्या, कुठे जायचं होतं, कशाने गेल्या. वडापने, सहा आसनी रिक्षाने गेलेल्यांची नोंद खास करा. कारण कंडक्टरच्या मशीनमध्ये फक्त तिकीट काढलेली बाई दिसते. बस नाही म्हणून वडापने गेलेली, किंवा घरीच राहिलेली, तिथे दिसत नाही. ती फक्त तुमच्या वहीत दिसेल. बाजाराचा दिवस आणि एक रविवार त्यात आलाच पाहिजे.

आपल्या मार्गावर सध्या फेऱ्या किती ठरल्या आहेत, प्रत्यक्षात किती होतात आणि किलोमीटरमागे उत्पन्न किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ठरलेल्या दहा फेऱ्यांतल्या सहाच होत असतील, तर नवी बस मागायच्या आधी त्या चार मागा. त्या लवकर मिळतात.

पहिली फेरी उशिरा येते, अशी तक्रार असेल तर मुक्कामी गाडीचा विचार करा. डेपोतून पहाटे निघालेली बस गावापर्यंत रिकामी येते, ते किलोमीटर फुकट जातात. एसटीची गाडी गावात रात्री मुक्कामाला राहण्याची पद्धत जुनी आहे. ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला बंद खोली, पाणी, स्वच्छ संडास आणि गाडी उभी करायला उजेडाची जागा हवी. हे ग्रामपंचायत देऊ शकते. तसं लेखी लिहून दिलं तर अर्जाला वजन येतं.

हे सगळं आधी महिला सभेत मांडा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. तिथला ठराव ग्रामसभेत मंजूर करून घ्या, त्याला वहीतली मोजणी जोडा. महापालिकांची अंदाजपत्रकं एप्रिलपासूनच्या वर्षासाठी असतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये ठरतात, तेव्हा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेतला ठराव वेळेत पोहोचतो. २६ जानेवारीचा बऱ्याचदा उशिरा ठरतो. अर्जाच्या तीन प्रती करा, एक पीएमपीला, एक पीएमआरडीएला, एक एसटीच्या आगारप्रमुखांना. प्रत्येकीत ‘या फेरीची तूट कोण भरणार आहे, ते लेखी कळवावे’ हे वाक्य असू द्या. आणि आपल्याकडच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय, तारखेचा शिक्का पाहिल्याशिवाय खिडकी सोडू नका.