धबधब्याला जाताय? वाटाड्याचं ऐका!

"चैत्यभूमी पाहिली, दीक्षाभूमी पाहिली, आता एकदा धबधबा दाखवा," असं आमच्या देवळ्याच्या वस्तीतल्या बायांनी गेल्या पावसाळ्यात सांगितलं. कांद्याच्या शेतात दिवसभर वाकून कंबर धरलेल्या या बाया. त्यांनी मोकळ्या हवेत चालावं, हसावं, हेही औषधच. म्हणून आम्ही सुरगाणा तालुक्यातल्या केळावणजवळच्या भिवतास धबधब्याची सहल ठरवली.

आधी महिनाभर रोज सकाळी अर्धा तास चाललो. एका रविवारी नाशिकला त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढून पाहिल्या. तिथं एका ताईंच्या छातीत दुखलं. त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेलं. त्या सहलीला आल्या नाहीत, पण त्यांचं दुखणं वेळेत कळलं. बीपी, शुगर, दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच नाव द्यावं, गोळ्या सोबत ठेवाव्यात.

वाटाड्या म्हणून गावातलाच माहीतगार आदिवासी तरुण घेतला. त्याची मजुरी आधीच ठरवली. आपण स्वतः मजूर, दुसऱ्याच्या मजुरीत घासाघीस कशाला?

निघालो तेव्हा देवळ्यात ऊन होतं, सुरगाण्यात धुकं. जंगलात अर्ध्या वाटेवर घोटाभर पाण्याचा ओहोळ आडवा आला आणि वाटाड्या थांबला. पाणी गढूळ होत होतं, काटक्या-पाला वाहून येत होता. "वर पाऊस झालाय. मागं फिरा," तो म्हणाला. धबधब्याचा आवाज कानावर येत होता. कुरकुर झाली, "एवढे पैसे घातले, आता परत?" पण फिरलो. उंचावरून पाहिलं तर अर्ध्या तासात ओहोळ कमरेइतका झाला होता. मग कुणी काही बोललं नाही. गावात येऊन भाकरी खाल्ली.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वरच्या डोंगरातलं पाणी खाली येतंच, हे लक्षात ठेवावं.

सोबत काय घ्याल?

● पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, काठी, शिट्टी, दोरी.
● उकळून गार केलेलं पाणी. ओहोळाचं पाणी पिऊ नये.
● एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ: जुलाब किंवा थकवा आल्यास.
● सर्प चावल्यास कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. बांगड्या-अंगठ्या काढाव्यात, चावलेला अवयव हलवू नये. मांत्रिकाकडे नाही, १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखान्यात.
● घरी किंवा शेजारी जाण्याचं ठिकाण आणि परतीची वेळ सांगून निघावं.

पावसाळ्यात पिकं आणि बारीक जीव तुडवले जाऊ नयेत म्हणून तथागतांनी भिक्खूंना वर्षावासात एका जागी राहायला सांगितलं. आपणही पायवाट सोडून भात-नागलीत शिरू नये, प्लास्टिक टाकू नये.

पाऊस ओसरला की आम्ही पुन्हा जाणार आहोत. वाटाड्या तोच!

जय भीम, नमो बुद्धाय.