वहिनींचे गुडघे आणि संशोधनाचा ताळेबंद

शिरोली एमआयडीसीत पहिली पाळी सुटते तेव्हा गेटजवळच्या चहाच्या गाड्यापाशी थोडा वेळ उभे राहून पाहावे. फाउंड्रीतून बाहेर पडणारा माणूस कोणत्या खात्यातला, हे त्याच्या चालण्यावरून कळते. फेटलिंगवाला पहिली चार पावले वाकडी टाकतो आणि मग सरळ होतो. कोअर शॉपमधल्या आमच्या भगिनी कठड्याला हात लावल्याशिवाय पायरी उतरत नाहीत. आम्ही येथे टाइम ऑफिसात कारकून आहोत. रजेच्या अर्जात तापाच्या खालोखाल कोणते कारण असते असे कोणी विचारले, तर आम्ही डोळे मिटून सांगू, गुडघेदुखी.

हे दुखणे आमच्या घरातही होते. आमच्या थोरल्या वहिनींनी बावीस वर्षे कोअर शॉपमध्ये काढली. पन्नाशी उलटली आणि दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकू लागले. त्यात साखरेचा आजार. अशातच वस्तीत एका खाजगी दवाखान्याचे मोफत शिबीर झाले. तेथे सांगण्यात आले की दोन्ही वाट्या झिजल्या आहेत, दोन्ही एकदम बदला, एकदम केल्यास सवलत मिळेल. दादा पतसंस्थेचा अर्ज घेऊन आमच्याकडे आले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, दोन्ही एकदम केलं तर एकदाच सुटका हुईल की न्हाई?"

आम्ही डॉक्टर नाही, बी.कॉम. आहोत. पण सही करण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे आकडे बघायची खोड लागलेली आहे. आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत आणि पुढे जे वाचले, जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, "वाटी बदलणे" हा शब्दच चुकीचा आहे. पुढची वाटी बहुधा जागेवरच राहते. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे भेटतात तेथे कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला की हाडावर हाड घासते. शस्त्रक्रियेत दोन्ही हाडांची टोके काही मिलिमीटर तासून त्यांवर धातूचे कवच बसवतात आणि मध्ये एका विशिष्ट प्लास्टिकची गादी ठेवतात. आमच्या भाषेत सांगायचे तर घासलेल्या शाफ्टवर नवा बुश चढवण्यासारखे हे काम आहे. मात्र बुश बसवला तरी भोवतीचे स्नायू जुनेच राहतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आज जो सांधा बसवतात त्याचा मूळ आराखडा 1970 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये तयार झाला. डॉ. जॉन इन्सॉल यांच्यासोबत त्यात डॉ. चित्तरंजन रानावत हे भारतीय सर्जन होते. याच रानावतांनी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया केली. डावा गुडघा ऑक्टोबर 2000 मध्ये आणि उजवा जून 2001 मध्ये. म्हणजे देशाच्या पंतप्रधानांचे दोन गुडघे आठ महिन्यांच्या अंतराने झाले, आणि आमच्या वहिनींना मात्र एकाच दिवशी, तेही सवलतीत! ज्यांचे हृदय भक्कम आहे अशा निवडक रुग्णांचे दोन्ही गुडघे एकदम करतातही. पण वयस्कर, हृदयविकार किंवा साखर असलेल्या माणसाला त्यात धोका वाढतो. हे शिबिरात कोणी सांगितले नव्हते.

आता जमेची बाजू. स्वीडनने 1975 पासून बदललेल्या प्रत्येक गुडघ्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. पुढे ऑस्ट्रेलिया, इंग्लंड यांनीही नोंदवह्या सुरू केल्या. अशा नोंदींवरून 2019 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हिशोब प्रसिद्ध झाला. पूर्ण बदललेल्या 100 गुडघ्यांपैकी सुमारे 82 गुडघे 25 वर्षे टिकतात. धातूचे एवढे टिकणे ही मोठीच गोष्ट आहे. "दहा वर्षांत खिळखिळा होतो" ही चावडीवरची वार्ता खोटी आहे.

पण वय कमी असेल तर हिशोब बदलतो. त्याच नियतकालिकाने 2017 मध्ये दाखवले की सत्तरीनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत उरलेल्या आयुष्यात ती पुन्हा करावी लागण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास असते. पन्नाशीच्या सुरुवातीला करून घेणाऱ्या पुरुषांत ती 35 पर्यंत जाते. आमच्या मोल्डिंग खात्यातल्या एका सहकाऱ्याला 49 व्या वर्षी "लवकर करा, नंतर हाड उरणार नाही" असे घाबरवण्यात आले होते. त्याला आम्ही हा आकडा कागदावर लिहून दिला. तो आजही कामावर आहे.

सांधा टिकणे वेगळे आणि माणूस समाधानी असणे वेगळे. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत साधारण पाचातला एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर मनासारखे झाले नाही असे सांगतो. यांत्रिक बिघाड नसतो, एक्स-रे उत्तम असतो, तरी दुखते. झीज थोडी असताना घाई केलेल्यांत अशा तक्रारी अधिक दिसतात. शिवाय हे सारे आकडे बहुतांशी खुर्चीवर बसून जेवणाऱ्या देशांतले आहेत. आपल्याकडे जेवण जमिनीवर, परसाकडे उकिडवे, विहारात वंदनेला मांडी. नवा गुडघा चालायला, जिना चढायला, खुर्चीतून उठायला पुरेसा वाकतो. उकिडवे बसण्याइतका तो सहसा वाकत नाही, आणि वाकला तरी डॉक्टर बसू देत नाहीत. घरात कमोड आणि खुर्ची यांचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरावा.

डेन्मार्कमध्ये 100 रुग्णांवर झालेला एक प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि नंतर व्यायाम, निम्म्यांना फक्त बारा आठवडे व्यायाम, आहार आणि औषध. वर्षानंतर शस्त्रक्रियावाल्यांना जवळजवळ दुप्पट आराम होता, हे कबूल केले पाहिजे. पण गंभीर त्रासही त्यांच्यातच जास्त झाले. आणि नुसत्या व्यायामावर ठेवलेल्या पन्नासांपैकी वर्षभरात तेरा जणांनीच शस्त्रक्रिया करून घेतली, बाकीच्यांचे तेवढ्यावर भागले. दुर्बिणीने गुडघा "धुऊन" देण्याबद्दल तर 2002 सालीच अमेरिकेतल्या 180 रुग्णांवरील प्रयोगाने निकाल दिला होता. काहींना नुसती वरून चीर देऊन शिवले होते, त्यांना आणि खरोखर धुतलेल्यांना सारखाच गुण आला. झिजलेल्या गुडघ्यासाठी त्या धुण्यावर पैसे घालू नयेत.

पैशाचे म्हणाल तर ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सरासरी 1 लाख 58 हजारांचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर सोडून 54,720 रुपयांवर आला. पुढे दर थोडेफार बदलले. पण खोलीभाडे, सर्जन, भूल यांचा आकडा दवाखान्याच्या हाती राहिला. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी. सोने मोडण्यापूर्वी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आणि विमा कार्ड असल्यास ई.एस.आय. दवाखान्यात विचारावे.

ई.एस.आय.चा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना प्रा. बी. पी. अडारकर यांनी 1944 साली सादर केली, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. 1948 चा कायदा त्यातून उभा राहिला. पण गुडघ्याची झीज आपल्याकडे "वयोमान" म्हणूनच लिहिली गेली. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या 1991 मधील अभ्यासात, गुडघे वाकवून अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत या झिजेची शक्यता दुप्पट आढळली होती. जर्मनीने 2009 साली गुडघ्याची झीज व्यावसायिक आजारांच्या यादीत घातली. अट अशी की कामाच्या आयुष्यात 13 हजार तास गुडघ्यावर किंवा तशा स्थितीत काम झालेले असावे. त्याच वर्षी ब्रिटनने कोळसा खाणकामगारांना हा हक्क दिला. आपल्या कायद्याच्या यादीत सिलिकोसिस आला, गुडघा नाही. आम्ही वहिनींचा हिशोब मांडला. रोज चार तास उकिडवे, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 1200 तास. अकराव्या वर्षीच 13 हजार पार. त्यांनी बावीस वर्षे केले.

वहिनींना आम्ही सरकारी दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरांनी पहिल्यांदा उभे राहून एक्स-रे काढायला लावला. शिबिरातला झोपवून काढलेला होता. झोपल्यावर सांध्यावर भार नसतो, त्यामुळे झिजेचा नेमका अंदाज येत नाही. उजवा गुडघा खरोखर संपला होता, डाव्यात अजून जागा होती. तीन महिने मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, साखर आटोक्यात, चार किलो वजन कमी. डावा शांत झाला. उजवा झाला नाही, त्याची शस्त्रक्रिया झाली. पहिले सहा आठवडे रात्री कठीण गेल्या. पाय वाकवायला लावला की वहिनी फिजिओथेरपिस्ट बाईंना शिव्या घालत. आता त्या शिरोली फाट्यापर्यंत चालत जातात आणि उजवा गुडघा दुखत नाही. विहारात मात्र रविवारी भिंतीकडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. सुरुवातीला त्यांना लाज वाटे. हल्ली तेथे तीन खुर्च्या असतात.

डाव्या गुडघ्याचा एक्स-रे पुन्हा जानेवारीत काढायचा आहे. तोवर व्यायाम चालू आहे. घोट्याला बांधायची वजनाची पिशवी दादांनी जुन्या चादरीची शिवून दिली. आत फाउंड्रीचीच वाळू आहे.